दौंडचा डोंगर

दादा गेला, हे मीनावहिनीनं मला फोनवर सांगितलं ते इतकंच : “सुधा, ये. तो उठलाच नाही गं.” सकाळची वेळ होती, पोह्यांसाठी कांदा परतत होते. गॅस बंद केला, कढईवर झाकण ठेवलं आणि निघाले. वाटेत रडू आलं नाही. भाऊ सत्तरीला टेकलेला, मधुमेह जुना, रात्री वरणभात जेवून झोपला आणि झोपेतच गेला... लोक अशा मरणाला भाग्याचं मरण म्हणतात, आणि भेटायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी ते म्हटलंच. दादाचा मुलगा निखिल हिंजवडीहून निघून रहदारीत अडकला होता. त्याची वाट बघत घरात माणसं दाटीवाटीनं बसली होती. जागा उरली होती ती फक्त आगगाडीच्या खोलीत, म्हणून मी तिथे जाऊन बसले. समोर दादानं मांडलेलं सगळं जसंच्या तसं होतं. रूळ, सिग्नल, शेड, पाण्याची टाकी, बोटाच्या पेराएवढी माणसं. इंजिन मात्र कुठे दिसेना. डोंगराआड थांबलं असेल, असं मनात आलं, आणि तेवढ्यात बाहेर निखिलचा आवाज ऐकू आला.

आता महिना-दीड महिना होऊन गेलाय, तेव्हा जरा शांतपणे लिहिता येईल. माझा भाऊ अरविंद पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरल्यामुळे म्हणा किंवा मुळातच म्हणा, त्याला अंदाजे असं काही चालायचं नाही. आई कौतुकानं म्हणायची, “यंदाचा हापूस गोड निघाला हो.” हा विचारायचा, “गेल्या वर्षीपेक्षा? पुरावा काय?” लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, सोसायटीच्या मीटिंगला, सगळीकडे त्याचा हा एकच प्रश्न. वहिनीनं कशी काढली असतील इतकी वर्षं, तिचं तिला माहीत.

आमचे बाबा दौंडला मालगाडीचे ड्रायव्हर होते. वाफेच्या इंजिनांचा काळ. काविळीचं निमित्त होऊन ते गेले तेव्हा दादा अकरा वर्षांचा होता, मी सहाची. आई आम्हाला घेऊन पुण्याला मामाकडे आली ती कायमची. तेव्हापासून बाबा हा विषय दादाच्या ताब्यात गेला. मी म्हणावं, बाबा कपातला चहा बशीत ओतून प्यायचे, की हा म्हणणार, “ते आजोबा. तू लहान होतीस.” मी म्हणावं, बाबांच्या शर्टाला कोळशाचा वास यायचा. “तो सगळ्यांच्याच बाबांच्या शर्टाला यायचा, रेल्वे कॉलनी होती ती.” आता यावर काय बोलणार? एकेक करून माझ्या सगळ्या आठवणी त्यानं आजोबांच्या किंवा शेजाऱ्यांच्या नावावर करून टाकल्या. मला राग यायचा. खरंच यायचा. वडील दोघांचे होते, पण सातबारा एकट्याच्या नावावर, असला तो प्रकार होता.

एक आठवण मात्र मी सोडली नाही. मुलांना शेडमध्ये नेता येत नसे, पण एका दुपारी बाबांनी मला कडेवर घेऊन, रूळ ओलांडून, कुणाला दिसू नये म्हणून इंजिनाच्या पलीकडच्या बाजूनं वर चढवलं होतं. वर बाबलमामा होते, बाबांचे फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा घालणारे, मालवणकडचे. ड्रायव्हरची खिडकी डावीकडे आणि फायरमनची उजवीकडे. त्यांनी मला बखोटीला धरून वर ओढलं, तेव्हा त्यांच्या खिडकीखाली पत्र्यावर एक मासा रंगवलेला मला अगदी नाकासमोर दिसला. चंदेरी, चपटा. बाबलमामा म्हणाले, “वळाखलंस काय गो? पापलेट आसा ह्यां.” माशाचं तोंड मागच्या बाजूला होतं. ते का, तर म्हणे, “इंजिनाचां तोंड सोलापुराक, ह्येचां घराक!” आणि बाबा खदखदून हसले. बाबांचं हसणं मला आठवतं ते तेवढं एकदाच.

निवृत्त झाल्यावर दादानं आगगाडी करायला घेतली. खेळण्यातली नव्हे, प्रमाणात लहान केलेली. जगभर लोक करतात म्हणे. पण त्याला जगभरच्या गाड्यांशी देणंघेणं नव्हतं. त्याला एकच इंजिन हवं होतं, बाबांचं. आणि ते बाजारात कुठेच मिळत नाही. मग निवड सुरू झाली. निखिल मोबाइलवर देखणी देखणी इंजिनं दाखवायचा, हिरवी, लाल, पितळेच्या पट्ट्यांची. हा आधी चाकं मोजायचा. पुढे दोन लहान, मध्ये आठ मोठी, मागे दोन लहान, असं असेल तरच पुढे बोलायचं. “रंग काय, कुणीही लावेल. चाकं बदलता येत नाहीत,” असं म्हणून त्यानं त्या पोराला सहा महिने झुलवलं. शेवटी एक जुनं अमेरिकन इंजिन कुणाकडून तरी आलं. ते आल्या आल्या यानं त्याची घंटा उपटली, धुराडं कापलं, पुढचा दिवा काढून टाकला. वहिनी म्हणाली, “एवढे पैसे घालून आणलं ते मोडायला?” तर म्हणे, “मोडत नाहीये. आपलं करतोय.”

बुधवार पेठेतून छोटी मोटर आणि सोल्डरिंगचं सामान आलं. पितळेच्या नळीतून नवं धुराडं झालं. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, खराखुरा कोळसा हवा म्हणून त्यानं तो वहिनीच्या खलबत्त्यात कुटला, आणि त्यानंतर त्या घरात कुणी दाण्याचं कूट खलबत्त्यात केलं नाही. मग रंग. काळा रंग देऊन झाल्यावर बारक्या ब्रशनं त्यावर तेलाचे ओघळ, काजळी, गंज, पाण्याचे पांढरे डाग काढायचे. याला तो ‘मळवणं’ म्हणायचा. “घरातली एक वाटी कधी विसळली नाही या माणसानं,” वहिनी मला सांगायची, “आणि नवंकोरं इंजिन आठवडाभर मळवत बसलाय!”

हे सगळं कशावरून, तर एका फोटोवरून. बाबांच्या इंजिनाचा आमच्याकडे एवढा एकच फोटो. खंडेनवमीचा, इंजिनाची पूजा झाल्यावर काढलेला. डाव्या बाजूनं. खिडकीत बाबा, इंजिनाला झेंडूची माळ, आणि नेमका माळेखाली इंजिनाच्या नंबरातला शेवटचा आकडा झाकला गेलेला. दादानं फोटोत होतं ते सगळं केलं, पाइपच्या जोडावरचं ठिगळसुद्धा. पण नंबराशी अडला. मी म्हटलं, घाल की एखादा आकडा, कोण येतंय तपासायला? त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. त्यानं तो आकडा घातला नाही. नारिंगी दोऱ्याची बारीकशी माळ करून तिथे लावली. माहीत नाही ते करायचं नाही, हा त्याचा नियम. अपवाद फक्त रुळांचा. आपले रूळ रुंद, बाजारात मिळतात ते त्या मानानं अरुंद. बघायला येणाऱ्या प्रत्येकाची तो त्याबद्दल माफी मागायचा. येणाऱ्याला काही कळायचं नाही, तो आपला “छान, छान” म्हणायचा.

त्याच दिवसांत मी त्याला पापलेटचं सांगितलं. वाटलं, याला उपयोग होईल. तो इतका हसला, की त्याच्या डोळ्याला लावलेलं भिंग खाली पडलं. “इंजिनावर पापलेट? अगं, आगगाडी होती की खानावळ?” झालं. तेव्हापासून घरात तो वाक्प्रचारच झाला. मी काही सांगायला तोंड उघडलं, की हा म्हणायचा, “पापलेट!” भाजीचे भाव, राजकारण, कुणाचं लग्न कुठे ठरलं, काही असो. निखिलही म्हणायला लागला. एका भाऊबीजेला दादा सगळ्यांदेखत म्हणाला तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं. ओवाळणीचं ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, “दादा, मला बाबांनी इंजिनात नेलं होतं. तुला नेलं नव्हतं. तुला पटत नसेल तर राहू दे.” मग जेवणं झाल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि वकिलासारखं एकेक विचारायला लागला. रंग? चंदेरी. डोळा? काळा, ठिपका. केवढा? माझ्या तेव्हाच्या दोन हातांएवढा. तोंड कुठे? मागे. “मागे? इंजिन पुढे आणि मासा मागे?” त्यानं टाळी वाजवून सगळ्यांना सांगितलं, “उलटा मासा! साक्ष कोसळली.” सगळे हसले. मीही हसले, करणार काय! पण त्यानंतर बरेच दिवस मी तिकडे फिरकले नाही.

पुन्हा गेले तेव्हा लेआउटवर, म्हणजे रूळ-शेड मांडलेल्या त्या टेबलावर, डोंगर उभा होता. चांगला हातभर उंच, प्लॅस्टरचा, वर सुकलेलं गवत. गाडी समोरच्या रुळावरून उजवीकडून डावीकडे जायची, वळताना डोंगरात शिरायची, मागचा सगळा पट्टा आतून पार करायची आणि पलीकडून पुन्हा समोर यायची. मी म्हटलं, “दादा, दौंडला डोंगर कुठला रे? आसपास सगळं सपाट.” फोटोत नाही म्हणून एक आकडा न घालणारा माणूस, आणि अख्खा डोंगर घालून मोकळा! म्हटलं आज सापडला. मोठ्यानं म्हणाले, “पुरावा काय?” त्यानं रूळ पुसता पुसता “असू दे” एवढंच म्हटलं आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. मी तो माझा विजय समजले. पुढे कितीतरी जणांना सांगितलं.

बाराव्या-तेराव्याचं सगळं आटोपल्यावर लेआउटचं काय, हा प्रश्न आला. निखिलच्या घरी जागा नाही आणि वहिनीला ती खोली रिकामी हवी होती, म्हणजे ते सगळं रोज दारातून दिसायला नको होतं. पुण्याबाहेर मांजरी गावात नवीन घर बांधलेले एक गृहस्थ अशाच नादातले निघाले, ते घेऊन जायला तयार झाले. वहिनीनं मला बोलावून घेतलं. “बाकी सगळं जाऊ दे. तुमच्या बाबांचं इंजिन तेवढं तू ने.” इंजिन बोगद्यातच होतं, शेवटच्या दिवशी थांबलं तिथे. मांजरीचे गृहस्थ फार हळुवार माणूस. “ताई, डोंगर आधी उचलावा लागेल,” म्हणाले. त्यांनी एका बाजूनं धरला, निखिलनं दुसऱ्या. डोंगर अख्खा उचलला गेला. मागच्या रुळावर इंजिन उभं होतं, आणि पहिल्यांदाच त्याची उजवी बाजू माझ्याकडे होती.

ती रंगवलेलीच नव्हती. काळा रंग नाही, काजळी नाही, गंज नाही, नंबर नाही. धुराड्यापासून टेंडरपर्यंत सपाट राखाडी प्रायमर. आणि त्या राखाडीवर, फायरमनच्या खिडकीखाली, तांदळाच्या दाण्याएवढा एक चंदेरी मासा. काळा ठिपका डोळ्याचा. तोंड मागे.

मी भिंग मागितलं. दादाचंच होतं तिथे... भिंगातून बघितलं तर त्यानं पर आणि शेपटीही काढली होती, ती मी सांगितली नव्हती, पण पापलेटची असते तशीच होती. मासळीबाजारात जाऊन बघून आला असेल. त्याचा काय नेम! वहिनी दारात उभी होती. म्हणाली, “त्या भाऊबीजेनंतरच काढला त्यानं. त्या बाजूला तेवढंच माहीत आहे म्हणाला. बाकीचं तसंच ठेवलं, आणि ते दिसू नये म्हणून मग डोंगर करत बसला महिनाभर.”

“मला का नाही सांगितलं?”

“मी म्हटलं होतं, सांग तिला. तर म्हणाला, नको, डोक्यावर बसेल.” वहिनी हसली आणि म्हणाली, “आणि एकदा आपला आपणच म्हणाला, माझी त्या दिवशी शाळा होती गं.”

तेव्हा मात्र मी रडले. मांजरीच्या त्या परक्या गृहस्थांसमोर, चांगली हमसून हमसून. दादासाठी रडले, की शाळेत बसलेल्या त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी, ते मला सांगता यायचं नाही. गृहस्थ बिचारे डोंगर हातात धरून तसेच उभे राहिले.

इंजिन आता माझ्याकडे आहे, दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, हातभर रुळाच्या तुकड्यावर. राखाडी बाजू मी बाहेर ठेवलीय. गेल्या रविवारी निखिल आला होता. बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, “आत्या, ते मांजरीचे काका म्हणत होते, ही बाजू ते छान रंगवून देतील. दुसऱ्या बाजूवरून सगळं तसंच्या तसं करता येईल. नुसतं असं अर्धवट बरं दिसत नाही.”

मी म्हटलं, “पुरावा काय?”