अल्बममधली शेकाट्याची जागा

आमचे हे गेले, तेव्हा मागे पक्ष्यांचा एक अल्बम राहिला. नोकरी संपल्यावर कॅमेरा घेतला होता त्यांनी. गावच्या तळ्यावरचे बगळे, ढोकऱ्या, सगळे उडताना टिपले. शेवटच्या पानावर एकच कप्पा रिकामा होता. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, शेकाट्या. काळे पंख अन् काडीसारखे लांब लाल पाय असलेला, तोच तो. मले वाटलं, तेवढा कप्पा आपण भरून द्यावा.

पण तळ्यापलीकडे बेशरमाची झुडपं, त्यामागे कपाशीचं वावर. पक्षी उडाला का कॅमेरा त्याले सोडून झुडपालेच धरे. बेशरमाचं पान न् पान स्वच्छ, अन् पक्षी म्हणजे पाटीवर पुसलेला खडू.

कापूस वेचाले जाणाऱ्या बाया तळ्याच्या पाळीवर थांबत.

"काय काकू, आजबी बेशरमच का?"

"हो वं. त्याचा तरी कोण काढते फोटो?"

"आमचा काढा मंग. आमी काही उडत नाई."

त्यांच्याकडे पाहूनच सुचलं. वेचणीच्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. मीही ह्यांचा मातकट शर्ट चढवला, तर पक्षी बिनघोर जवळ चरू लागले. मग धान्य उपणताना पाहतो तशी चिमूटभर माती सोडून वारा पाहिला, कारण शेकाट्या वाऱ्याकडे तोंड करून उडतो. त्या अंगाले जाऊन बसली. तो उभा असतानाच कॅमेऱ्यातला मधला ठिपका त्याच्या छातीवर धरला, अन् उडाला तशी त्याच्यासंगं वळत गेली. झुडपाकडे पाहिलंच नाई.

आला फोटो. लाल डोळासुद्धा दिसते. मागे बायांची रंगीत, पुसट ओळ.

समुद्रपूरहून छापून आणला, कप्प्यात सरकवला. अल्बम मिटला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तसा शर्ट अंगात घातला, अन् मग लक्षात आलं, आता कशाले? तरी गेली, रिकाम्या हातानं.

"फोटोची मशीन कुठी काकू?"

"झालं माझं काम."

"मंग काऊन आल्या?"

मी शर्टाची बाही दुमडू लागली.

"चाला आमच्यासंगं," एक जण म्हणाली, "शर्ट तर घातलाच हाय."

हसल्या साऱ्या, मीही हसली. गुडघ्यानं जमत नाई, म्हणून गेली नाई. त्या वावरात वाकल्या, अन् ऊन चढेपर्यंत मी तिकडेच पाहत बसली. पक्ष्यांकडे पाठ झाली होती माझी.