हिमालयातलं तळं आणि गंगाक्काचा गळ

हिमालयातल्या तळ्यात बुडी मारायला निघालेला मी आमच्या गावातला पहिला माणूस, आणि शेवटचाही. निघालेला म्हणतोय, पोचलेला नव्हे. पोचलो ते घरामागच्या विहिरीत.

साल त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी असेल. गुलबर्ग्याला कॉलेजात माझ्यासोबत बसवराज होता. त्याचा मामा मिलिटरीत. मामानं कळवलं, मे महिन्यात दोघं या. डोंगरात उंचावर एक तळं आहे, पाठीवर हवेची टाकी बांधून तळापर्यंत नेतो. याला स्कूबा म्हणतात. झालं! मला दुसरं काही सुचेना. (आमच्या आळंद तालुक्यात मे महिन्यात प्यायला पाणी मिळायची मारामार, आणि मला पाण्याच्या तळाशी जायचं होतं!)

परवानगी वडिलांची, म्हणजे अप्पांची. ते ओसरीत तुरीचं पोतं शिवत होते.

"कामून जायलास एवढं लांब?"

"पाण्याच्या तळाला काय असतंय ते बघायला."

"व्हय? आपल्या हिरीच्या तळाला तुझ्या आईची घागर हाय. ती काढून दाव. मग हिमालयात जा, न्हाईतर समुद्रात जा."

ती तांब्याची घागर आईच्या माहेरची. संक्रांतीपासून दिसत नव्हती, म्हणजे विहिरीतच पडली असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. आई येताजाता विहिरीत डोकावून उसासे टाकायची. तुम्ही म्हणाल, गळ टाकून काढायची. अहो, पण गळ गावात एकच, शेजारच्या गंगाक्काचा! लोखंडी आकड्यांचा झुबका, दोराला बांधून विहिरीत सोडायचा. तो न्यायचा तर घरातलं एक भांडं तिच्याकडं तारण ठेवायचं, असा तिचा नियम. आणि नेमकं त्याच संक्रांतीला आईकडून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं राहिलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. गळ मागणार कोण?

म्हणून मी! बसवराजला गावी बोलावलं. हवेच्या टाकीऐवजी फवारणीच्या पंपाची नळी घेतली. एक टोक माझ्या तोंडात, दुसरं वर बसवराजच्या हातात. बुडायला वजन हवं म्हणून कमरेला वरवंटा बांधला.

"माझा वरवंटा कामून नेलास?" आई ओरडली. "घागर गेली ती गेली, आता चटणी कशानं वाटू?"

कमरेच्या दोराला खूण ठरली: एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढ. मी उतरलो. वरवंट्यानं आपलं काम चोख केलं. मी दगडासारखा खाली गेलो, आणि श्वास घेतो तर हवाच नाही! (बसवराज नळीवर उभा होता. अप्पांना स्कूबा समजावून सांगत होता.) मी दोन हिसके दिले. मग चार. मग दहा.

"एवढं हिसकं कामून द्यायलाय?" अप्पा.

"लई खूश हाय, अप्पा!"

शेवटचा हिसका असा दिला की दोर बसवराजच्या हातातून सुटून माझ्या डोक्यावर येऊन पडला. मी कशीबशी कडेच्या पिंपळाची मुळी धरली. हनुवटी पाण्यावर, खाली वरवंटा ओढतोय, गाठ सुटेना. पोहणारी सगळी गडीमाणसं आळंदच्या बाजाराला गेलेली!

"अय्यो!" वरून बसवराज ओरडला.

आणि तीन महिने तोंड फिरवून बसलेली माझी आई गंगाक्काच्या आणि आमच्या मधल्या भिंतीकडं अनवाणी धावली.

"अक्का, पोरगं बुडायलंय गं! गळ दे! तारणाला काय पाहिजे ते घे!"

"तारण? तुमची घागर हाय की माझ्याकडं! संक्रांतीला तुमच्या मालकानंच ठेवली. बादली काढायला गळ नेला अन् गड्याच्या हातनं परत धाडला. घागर न्यायला कोण आलंच न्हाई."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तू बोलायलीस कुठं माझ्यासंगं!"

"अगं बायांनो, आधी गळ टाका!" मी खालून बोंबललो.

गळ आला आणि माझ्या चड्डीत अडकला. चौघांनी मिळून मला वर ओढलं. कठड्याला टेकून मी पोटातलं पाणी ओकत होतो. अप्पा लिंबाच्या शेंड्याकडं बघत होते.

"घागर सापडली," मी धापा टाकत म्हणालो. "आता जाऊ का हिमालयात?"

"हिरीच्या तळातनं काढ म्हणालो होतो," अप्पा म्हणाले. "हिरीत होती का ती?"

घागर ठेवून विसरले अप्पा, बुडालो मी, आणि हिमालयही माझाच गेला! रडावं म्हटलं तर डोळ्यांतलं पाणीसुद्धा विहिरीचंच निघालं असतं.

तेवढ्यात गंगाक्कानं गळ उलटसुलट करून बघितला. "ह्याच्या वजनानं आकडा मोडला की. नवा करून आणस्तोवर घागर देत न्हाई."

"असं नगं करू, अक्का," आई काकुळतीला आली. "माझ्या माहेरची हाय. वाटलं तर तारणाला ह्याला ठेवून घे."

गंगाक्कानं ओकत बसलेल्या मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"नगं. घागरीत पाणी तरी टिकतंय."