विहिरीतलं रिव्हॉल्व्हर

ते रिव्हॉल्व्हर विहिरीत मीच टाकलं होतं. रझाकारांच्या धास्तीनं घेतलेलं, आत दोनच गोळ्या. पोलीस ॲक्शननंतर हत्यारं जमा करायची दवंडी झाली, तेव्हा ठाण्यात जाऊन नाव लिहून द्यायची माझी हिंमत झाली नाही.

चार वर्षांनी पालमकडच्या आमच्या गावात विहिरीचा गाळ उपसला आणि ते बादलीतून वर आलं. ठाण्याचा जमादार आला. मी शाळेचा मास्तर, म्हणून पंच मलाच केलं. एवढी वर्षं चिखलात राहिलेलं हत्यार चालतं का, हे पंचनाम्यात लिहायचं होतं. गंजून ते उघडेना. जमादारानं दोन दिवस रॉकेलात बुडवून ठेवलं, तेव्हा चाप तेवढा हलायला लागला. मग त्यानं ते बाभळीच्या खोडाला करकचून बांधलं, चापाला सुतळी लावली आणि मला घेऊन गाळाच्या ढिगाआड बसला.

त्यानं तीनदा सुतळी ओढली. तिन्ही वेळा नुसतं खट्ट वाजलं. माझा सदरा पाठीला चिकटला.

"रिकामंच हाय हे," म्हणत तो उठला, ते खोडावरनं सोडून हातात घेतलं आणि नळीला डोळा लावला. अंगठा चापावरच होता.

"जपून" म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण चुकलेलं उत्तर ऐकून गप्प बसायची मला सवयच नव्हती.

"जमादार, दोन गोळ्या हायत त्यात."

त्यानं नळी हळूच जमिनीकडं वळवली आणि माझ्याकडं बघितलं.

"दोनच कशावरनं, मास्तर?"