रेघ ओढू का?

घाडीकाका गेले हे कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं.

आता सोमवारी सकाळी त्यांचा फोन येणार नाही.

(हे वाचून ज्यांना त्रास होतोय त्यांनी खाली हात जोडलेला इमोजी टाकून पुढे जावं. तेवढी सोय आहे इथे.)

आमच्या कॉमिकमध्ये गोष्ट माझी. बाकी सगळं घाडीकाकांचं. चित्रं त्यांची, अक्षरंही त्यांच्याच हातची.

कॉमिकच्या आधी ते वागळे इस्टेटच्या कारखान्यांत ‘धोका’ आणि ‘येथे थुंकू नये’ असे बोर्ड रंगवायचे. त्यामुळे माणसाला तीनाच्या वर शब्द झेपत नाहीत, यावर त्यांचा गाढ विश्वास.

कोळसेवाडीतल्या त्यांच्या टेबलावर नियम ठरलेला.

अक्षरं आधी. मग अक्षरांभोवती फुगा. माणूस उरलेल्या जागेत.

“तुझा हवालदार गोळी लागल्यावर बावीस शब्द बोलतो. मरू दे की रे त्याला!”

“काका, इमोशनल सीन आहे तो.”

“इमोशन मी काढतो. तू गप्प बस.”

बावीसचे तीन व्हायचे.

शिरोरेषा मात्र सगळ्यात शेवटी. तोवर पानभर अक्षरं बोडकी. एकदा रेघ ओढली की दुरुस्ती नाही, म्हणून आधी मला फोन.

“रेघ ओढू का?”

माझी वाक्यं बिनधास्त कापायचे. पण मला विचारल्याशिवाय रेघ कधी ओढली नाही.

मग त्यांचा हात थरथरायला लागला.

माजिवड्याचा आमचा प्रकाशक पानं बघून म्हणाला, “सर, अक्षरं हलतायत. कॉम्प्युटरवर करून घेऊ ना. असा फॉन्ट आहे, एकदम हाताने काढल्यासारखा वाटतो.”

मी थोडा वेळ दुःखी चेहरा केला. कटिंग गार व्हायच्या आत हो म्हणालो.

काकांना सांगायची हिंमत झाली नाही. शेवटच्या पानाच्या रेघा बाकी होत्या, ते पान त्यांच्याकडेच होतं. प्रकाशकाने माझ्या मोबाइलमधल्या त्या पानाच्या फोटोवर भागवलं.

सोमवारी फोन आला.

“रेघ ओढू का?”

“थांबा काका, शेवटचं वाक्य बदलतोय.”

पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

पुस्तक छापून झालं. ठाण्यात प्रकाशन झालं. हाताने काम करणारी माणसं संपत चालल्याबद्दल मी स्टेजवर गळा काढला. टाळ्या चांगल्या पडल्या.

सोमवारी परत, “थांबा काका, शेवटचं वाक्य बदलतोय.”

काल त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीने, सुषमाने, पाणीसुद्धा विचारलं नाही. ते शेवटचं पान आणून समोर ठेवलं.

“पुस्तक बघितलेलं त्यांनी. मीच आणून दिलेलं.”

“मग फोन का करायचे?”

“मीही तेच विचारलं. म्हणाले, लेखक आहे, निदान थाप तरी नवी मारतो का बघू.”

मी पान जवळ ओढलं.

“नाही मारलीत. दर वेळी तेच वाक्य.”

पानावरच्या सगळ्या रेघा ओढलेल्या होत्या. मला न विचारता. वाकड्या, थरथरत्या, पण ओढलेल्या.

माझं शेवटचं वाक्य पांढऱ्या रंगाने पुसलेलं. त्या जागी एक रिकामा फुगा.

अक्षरांच्या आधी फुगा. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

सुपारीएवढा. त्याचं शेपूट हवालदाराकडे नव्हतं. चौकट ओलांडून थेट खाली आलेलं, पान हातात धरणाऱ्याकडे.

सुषमा म्हणाली, “घेऊन जा. तुमचंच आहे म्हणाले.”

आज सकाळपासून ते पान समोर घेऊन बसलोय. एका शब्दाच्या वर जागा नाही. बरोबर मापून काढलाय म्हाताऱ्याने.

आत्ता पेन्सिलने लिहिलं.

“चुकलो.”

काका, ‘भावपूर्ण’ तुम्ही कापलंच असतंत. म्हणून नुसती श्रद्धांजली.

शब्द फुग्यात बसलाय.

रेघ ओढलेली नाही.