सैल बांगड्या

माझी धाकटी जाऊ आमच्या गल्लीत आली तेव्हा तिला मराठीचा शब्द येत नव्हता. दीर फौजेत, सरहद्दीवर. पलीकडच्या युद्धातून पळून आलेल्या लोकांच्या छावणीत त्याला ती भेटली, आणि त्यानं तिला थेट लग्न करूनच आणलं.

नव्या सुनेला बांगड्या भरायला कासारीण आली. तिनं मनगट आवळून धरलं मात्र, जाऊ किंचाळून भिंतीला चिकटली. बांगड्या वाढल्या. संध्याकाळी दिरानं आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, सगळं सांगितलं. तिकडच्या लढाईत सैनिकांनी तिचे हात धरून ठेवून तिच्यावर अत्याचार केले होते.

गावात काय झाकून राहतंय? शेजारीण 'डाग' म्हणून गेलीच. आत्या शांतपणे म्हणाल्या, "डाग धरणाऱ्यांच्या हाताला हाय. हिच्या न्हवं."

मग त्यांनी जावेसाठी मोठ्या मापाच्या बांगड्या घेतल्या, तिच्या तिनं चढवायच्या. ती एकटी वेगळी दिसू नये म्हणून स्वतःही घातल्या, मलाही घालायला लावल्या. मी कुरकुरले. सैल बांगडी भाकरी थापताना पिठात पडते, धुणं धुताना पाटात जाते. पण बघता बघता गल्लीतल्या बायकांनीही मापं वाढवली. तिच्या पाठीमागून जाताना सगळे आधी खाकरायचे. मामंजी तर इतके की पाहुणे त्यांना काढा सुचवायचे.

ती शेवया करायला शिकली, हसायला लागली, माझ्याशी भांडायलाही. अजूनही एखाद्या दिवशी ती बोलत नाही. तेव्हा आत्या काही न विचारता शेजारी लसूण सोलत बसतात.

यंदा तिच्या लेकीचं लग्न निघालं. लेकीचा हिरवा चुडा भरून झाला, नवरीच्या आईची पाळी आली. कासारणीनं सवयीनं तिच्यासाठी सैल बांगड्या काढल्या. जावेनं त्या बाजूला सारल्या आणि हात पुढं केला.

"मापाच्या भरा."

कासारणीनं मनगट धरलं. जावेचे डोळे मिटलेले, ओठ घट्ट, पण हात हलला नाही. मी देवाला कधी फारसं मानलं नाही. त्या हातापुढं मात्र माझे हात जोडले गेले.

शेवटची बांगडी चढल्यावर तिनं डोळे उघडले. आत्यांच्या कोपरापर्यंत घसरलेल्या बांगड्यांकडं बघून म्हणाली, "आत्या, या आता. तुमीबी मापाच्या भरा."