कागदात गुंडाळलेल्या रायफली

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आमच्या शेजारी राहणाऱ्या डच आजोबांनी एकदा मला कॉफीला बोलावलं आणि लोखंडी कपाट उघडलं. आत कारखान्याने मोजक्याच काढलेल्या, पॉइंट टू-टूच्या रायफली होत्या. सगळ्या कारखान्याच्या तेलकट कागदात गुंडाळलेल्या. पोलीस तपासायला येतात म्हणून फक्त नंबरापुरता कागद कापलेला. एकीचा नंबर ७७७७, एकीचा उलटसुलट वाचला तरी सारखाच. पांढरे हातमोजे घालून ते आकड्यांवरून बोट फिरवत होते.

"कॉलेजात एनसीसीत मी अशीच चालवलीय!" मी हरखून म्हणालो.

"नंबर काय होता तिचा?"

"नंबर कोण बघतं?"

ते बघतच राहिले. "चालवलीत, आणि नंबर नाही बघितलात?"

"तुम्ही यातल्या किती चालवल्यात?"

"एकही नाही. कागदसुद्धा काढला नाही."

मला धक्काच बसला. हात थरथरतात म्हणून त्यांनी परवाना सोडला होता; दुसऱ्या दिवशी बंदुकांचा दुकानदार सगळ्या घेऊन जाणार होता.

"अहो, आज तरी एक उघडून बघा," मी अक्षरशः विनवलं.

त्यांनी कपाटाला कुलूप लावलं. "उघडली तर आत नुसती बंदूकच निघेल."

घरी आलो तरी डोक्यात तेच होतं. माझ्या वडिलांनीही नव्या सायकलच्या सीटवरचं प्लास्टिक फाटेपर्यंत काढू दिलं नव्हतं. पण त्याच सायकलवरून मी पदवीपर्यंत पोचलो.