माझ्याच घराला माझी हरकत

हे बघा, चहा गार होऊ देऊ नका अन् मधात बोलू नका. आधीच माझं डोकं तापलेलं हाय. सांग सांग म्हणताव, पण ऐकलं की तुम्ही दात काढणार, मला ठाव हाय. काढा! सगळ्या गावानं काढले, तुम्हीच कामून मागं राहता?

गावाचं नाव सांगत न्हाई. नांदेड अन् लातूरच्या मधात कुठंतरी हाय एवढं समजा. नाव घेतलं की उद्या कुणीतरी येतंय ओट्यावर जाब विचारायला, अन् मला आता कुणाशी भांडायचं न्हाई. म्हणजे भांडायचं लई हाय, पण आमच्या ह्यांनी बंदी घातलीय.

मी ज्वारीच्या भाकरी करून विकते. गल्लीच्या तोंडालाच माझी चूल. मेसवाले नेतात, दवाखान्यातल्या पेशंटचे लोक नेतात. बरं चाललं होतं. मग लातूरच्या क्लासचं वारं आमच्याकडं शिरलं. घरोघरचं पोरगं डॉक्टर व्हायला निघालं अन् घरोघरचा मालक भाडेकरू काढून खोल्यांत पोरांच्या खाटा टाकायला निघाला. आमचा घरमालक एका सकाळी आला, भाकरी खाल्ली, वर ठेचा मागितला, अन् हात धुता धुता म्हणतो, "काकू, दिवाळीपर्यंत खोली मोकळी करा. हॉस्टेल करायचंय."

म्हणजे ज्या पोरांना मी रांधून घालायले, त्याच पोरांसाठी मला रस्त्यावर काढायलाय! अन् ते पण माझाच ठेचा खाऊन! तुम्हाला राग आला नसता? मला तर असा आला की त्या दिवशीच्या सगळ्या भाकरी करपल्या.

एकटी मीच न्हाई, आमच्या अर्ध्या गल्लीला तोच हुकूम. शेजारची नसीमभाभी, तिचा नवरा कूलर दुरुस्त करतो, तिची पण खोली चालली. नवी बघायला जावं तर भाडं ऐकूनच माणूस खाली बसतंय. तेवढ्यात पालिकेनं धोरण काढलं. आमच्या गल्लीमागं मोकळं मैदान हाय, पालिकेचंच. तिथं परवडणारी घरं बांधायची, अन् गावात भाड्यानं राहणाऱ्यांना आधी द्यायची. मी तर देवापुढं साखर ठेवली. चूल जागची हलणार नव्हती, पोरीची शाळा सुटणार नव्हती.

पण आमचं सुख कुणाला बघवतंय? मैदानाच्या पलीकडं बंगल्यांची कॉलनी. तिचे अध्यक्ष एक रिटायर साहेब. रोज सकाळी पांढरे बूट घालून त्या मैदानात फेऱ्या मारतात, म्हणून आम्ही त्यांना फिरतीसाहेब म्हणतो. त्यांचं म्हणणं काय, तर गरिबांना घरं मिळालीच पाहिजेत, पण इथं नकोत. बायपासच्या पलीकडं माळावर बांधा. इथं बगीचा करा, म्हणजे साहेबांना फिरायला बरं!

माळावर पाणी न्हाई, बस न्हाई, चिटपाखरू न्हाई. तिथं मी भाकरी कुणाला विकू, सरड्यांना? धुणीभांडी करायला ह्यांना आमच्या बाया सकाळी सातला दारात पाहिजेत, अन् राहायला मात्र बायपासच्या पलीकडं! अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हं, ओता अजून अर्धा कप.

तर पालिकेनं जनसुनावणी ठेवली. दोन्ही बाजूंनी यावं, बोलावं, मग मॅडम वर कळवणार. मॅडम म्हणजे पालिकेच्या नव्या साहेब. वेळ कोणती, तर कामाच्या दिवशी ऐन अकराची. बंगलेवाले रिकामेच, आमच्या माणसांनी रोज बुडवून यायचं. तरी गल्ली तयार झाली. पुढारी कोण? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. नसीमभाभी म्हणाली, "काकू, तुम्हीच बोला. तुम्ही कुजबुजल्या तरी चौकापर्यंत ऐकू येतंय."

मी म्हणलं, "बोलते. अन् जागा पण मीच धरते. तुम्ही फक्त या, अन् माझं सामान दिसंल तिथं बसा."

आता माझी गोची कुठं झाली ते ऐका. मी मूळची मुखेडची. बाजारच्या दिवशी मुखेडच्या स्टँडवर एसटी लागली की दारातनं चढायचं काम बावळटाचं. शहाण्यानं खिडकी गाठायची अन् आतल्या सीटवर दस्ती टाकायची. दस्ती म्हणजे रुमाल, पुण्याकडच्यांसाठी सांगते. दस्ती पडली की सीट तुमची. मग तहसीलदार येऊ की आमदार, उठवायचं कुणाच्या बापाला जमत न्हाई. दस्ती नसली तर पिशवी, पिशवी नसली तर चप्पल, अन् कायच नसलं तर लेकरू. मी स्वतः लहानपणी लई वेळा खिडकीतनं आत गेलेली हाय.

सुनावणीच्या दिवशी हॉलवर गेले तर दाराला कुलूप, अन् दारापुढं बंगलेवाल्यांच्या गाड्यांची रांग! म्हणलं, हे लोक पुढच्या खुर्च्या धरणार अन् आमची माणसं मागं भिंतीला टेकणार. मॅडमला आमची तोंडं तरी दिसतील का? मी बाजूनं वळसा घातला. खिडक्या सताड उघड्या. आत छान लाल कव्हरच्या खुर्च्या. मग काय विचारता! माझी दस्ती, भाकरी गुंडाळायची फडकी, पिशव्या, नसीमभाभीची ओढणी, सगळं खिडकीतनं भिरकावलं. नेम असा की एक फडकं वाया गेलं न्हाई.

आत शिपाई खुर्च्या पुसत होता. तो धावत आला.

"ओ काकू, इकडं न्हाई, इकडं ते..."

"इकडं ते काय? दस्ती पडलीय, दिसत न्हाई का?"

"अहो, पण ही बाजू..."

"हात लावून बघ एका फडक्याला! मुखेडची हाय मी!"

बिचारा फडकं झटकत मागं सरकला. दार उघडल्यावर जी झुंबड उडाली, त्यात दाराला काय चिकटवलंय, कुणाची बाजू कुठली, कोण वाचतंय? आमची गल्ली आत घुसली अन् फडकी बघून बसली. सगळी डावी बाजू आमची! मी मधात, राणीसारखी.

मग आले फिरतीसाहेब, मागं त्यांची कॉलनी. आमच्याकडं बघून थबकले.

"ताई, तुम्ही इथे कशा? इथे आम्ही बसायचंय."

"नाव लिहिलंय का तुमचं?"

"तसं नाही हो. तुमची जागा तिकडे आहे, पलीकडे."

पलीकडे! हा शब्द ऐकला अन् माझं टाळकं सरकलं. मी उभीच राहिले. "पलीकडं? घर बांधायचं तर पलीकडं, खुर्चीवर बसायचं तर पलीकडं! जन्मभर आम्ही पलीकडंच जायचं का ओ साहेब? आम्ही इथनं हलणार न्हाई!"

माझ्या तोंडातनं निघायचा उशीर, गल्लीनं उचलून धरलं. "इथनं हलणार न्हाई! इथनं हलणार न्हाई!" हॉल दणाणला. यूट्यूबवाला पत्रकार कॅमेरा घेऊन पळत आला. मॅडम माईकवर काहीतरी बोलायल्या होत्या. नसीमभाभी माझा पदर ओढून म्हणते, "काकू, मॅडम काय सांगायल्यात ते तरी ऐका."

"ऐकू नका! हला म्हणूनच सांगायल्या असतील."

शेवटी बंगलेवाले हरले. खाली माना घालून उजवीकडं गेले अन् कव्हर नसलेल्या खुर्च्यांवर बसले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! लग्नात वाटलं नव्हतं इतकं.

सुनावणी सुरू झाली. मॅडम म्हणाल्या, "डावीकडच्यांतर्फे कोण बोलणार?" मी माईक असा धरला की सोडायला तयार न्हाई. सगळं ओकले. घरमालक काढला, ठेचा काढला, भाडं काढलं. अन् उजवीकडं बोट करून म्हणलं, "मॅडम, लिहून घ्या. ही समोर बसलेली माणसं जे म्हणायलेत, त्यातलं एक अक्षर आम्हाला मान्य न्हाई!"

मॅडम चक्रावल्या. "एक मिनिट. समोरच्या बाजूचं म्हणणं तुम्हाला मान्य नाही?"

"न्हाई!"

"म्हणजे तुमची हरकत आहे?"

"कडाडून हरकत! सगळ्या गल्लीची! हात वर करा रे!"

सगळ्या गल्लीनं हात वर केले. काहींनी दोन्ही केले.

मॅडम अजून विचारणार होत्या, तेवढ्यात फिरतीसाहेब उठले. आधी त्यांनी आमच्याकडं बघितलं, मग स्वतःच्या खुर्चीकडं बघितलं, मग दाराकडं. अन् मग जे हसले! मला वाटलं माणूस शरमला. हात जोडून म्हणतात, "मॅडम, ताईंच्या भावनांचा आम्ही आदर करतो. इतक्या लोकांची हरकत असताना या बाजूला बसून आम्ही हट्ट धरणं बरोबर नाही. ताई म्हणतील तसं. आमचा आग्रह आम्ही सोडला."

आग्रह सोडला! ऐकलंत ना? म्हणजे बगीचा सोडला, असंच वाटणार ना कुणाला पण? मी टाळी वाजवली. गल्लीनं टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबांनी मॅडमसाठी आणलेला गुच्छ माझ्या हातात दिला, शाल माझ्या खांद्यावर टाकली. मी त्यांना म्हणलं, "साहेब, माणूस म्हणून तुम्ही लई मोठे." माझ्या तोंडानं म्हणलं हो! ह्याच तोंडानं!

शाल पांघरून मी गल्लीत आले. जेवणवेळ झाली होती, तरी मी चुलीवर चहाचं पातेलं चढवलं अन् सगळ्यांना पाजला. आमचे हे कोपऱ्यात बसून शालीचा कपडा चाचपत होते.

दुपार कलली अन् नसीमभाभी मोबाइल घेऊन आली. तोंड पांढरंफटक.

"काकू, तुमचा व्हिडिओ आलाय."

"आण की, बघू."

"बसून बघा."

वर लाल अक्षरांत लिहिलेलं: 'गरिबांच्या घरांना गरिबांचाच विरोध! भाकरीवाल्या काकू कडाडल्या!'

"मुडदा बशिवला त्याचा!" मी ओरडले. "उलटं लिहितंय मेलं! बंगलेवाल्यांनी पैसे चारले असतील!"

"काकू, आधी ऐका," भाभी म्हणाली अन् तिनं आवाज वाढवला. व्हिडिओत मॅडम माईकवर सांगायल्यात, घरांना ज्यांची हरकत हाय त्यांनी डावीकडं बसावं, ज्यांचा पाठिंबा हाय त्यांनी उजवीकडं. स्पष्ट सांगायल्यात. दोनदा सांगायल्यात. अन् त्यांच्या आवाजावर आवाज चढवून कोण बोंबलायलंय? मी! "इथनं हलणार न्हाई!"

गल्लीची सगळी माणसं उचलून मी हरकतवाल्यांच्या खुर्च्यांवर बसवली होती. मारून मुटकून बसवली होती. अन् बगीचावाल्यांना हाकलून घरांच्या पाठिंब्यावर पाठवलं होतं. मग साहेबांनी सोडला तो आग्रह कशाचा? आमच्या घरांचा! अन् टाळी वाजवली कुणी? जाऊ द्या, मला परत तोंडानं म्हणवत न्हाई.

तशीच उठले अन् पिठाच्या हातांनी पालिकेत गेले. मॅडमच्या टेबलावर शाल आपटली. "मॅडम, हे खरं धरू नका! आम्हाला घरं पाहिजेत, अन् तिथंच पाहिजेत!"

मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काकू, तुमचं भाषण ऐकून मला शंका आलीच होती. पण सगळ्या गल्लीने हात वर केले, टाळ्या वाजवल्या. मी तरी काय समजायचं?" बाई चांगली होती. परत एकदा सुनावणी घेते म्हणाली. पण तोवर घरांचं काम पुढं सरकणार न्हाई. अन् आमचा घरमालक व्हिडिओ बघून दुसऱ्याच दिवशी दारात! "काकू, पालिकेचं घर तुम्हाला नकोच हाय म्हणे. म्हणजे दुसरीकडं सोय झालेली दिसतेय. मग दिवाळी कशाला, दसऱ्यालाच सोडा की खोली." त्या दिवशी त्याला ठेचा दिला न्हाई मी. एवढंच करू शकले.

मग गल्लीची बैठक बसली. दुसऱ्या सुनावणीला बोलायचं कुणी? मी घसा साफ केला. सगळे जमिनीकडं बघायला लागले. कुणी नख कुरतडतंय, कुणी चप्पल बघतंय.

शेवटी नसीमभाभीच म्हणाली, "काकू, त्या दिवशी तुम्ही असं करा, सगळ्यांच्या भाकरी करा."

"अन् बोलणार कोण?"

"मी," आमचे हे म्हणाले. हे! जेवताना मीठ पाहिजे असलं तर जो माणूस बोटानं दाखवतो, तो सगळ्या गल्लीतर्फे बोलणार! अन् गल्ली म्हणते, हाव, हेच बरं. राग आला का म्हणून विचारताव? मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले न्हाई. ह्यांच्या ते ध्यानातच आलं न्हाई.

आज सकाळी चुलीपुढं बसले होते तणतणत, तर फोन वाजला. फिरतीसाहेब! आवाज कसा, साखरेच्या पाकासारखा.

"ताई, उद्या परत सुनावणी आहे. ऐकलं ते खरं का, की तुम्ही येणार नाही?"

"न्हाई. गल्लीनं घरी बस म्हणून सांगितलंय."

"अरेरे! असं करू नका हो. आमच्या बाजूनं तुमच्यासारखं आजवर कुणीच बोललेलं नाही. सगळी कॉलनी तुमची वाट बघतेय. गाडी पाठवू का?"